हर्षलाचे अंतेवासी

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला, पैनगंगेच्या खोऱ्याकडे उतरत जाणाऱ्या केळापूर आणि घाटंजी या तालुक्यांत ज्याने आपल्या नोकरीची बहुतेक वर्षे विज्ञानशिक्षक म्हणून घालविली, त्याच्या हाती विश्वाची ओळख करून देण्यासाठी सरकारने सोपविलेली सामग्री जडसंग्रह नोंदवहीच्या एका पानात मावत असे. माझ्या शाळेच्या त्या पानावर एक बहिर्वक्र भिंग, एक लोहचुंबक, पारा उडालेला एक तापमापक आणि एक पृथ्वीगोल एवढ्याच नोंदी होत्या. पैकी पृथ्वीगोल कधीकाळी कपाटावरून खाली आल्यामुळे त्याचा अक्ष इतका कलंडला होता की, साडेतेवीस अंशांनी कललेल्या आपल्या पृथ्वीपेक्षा तो अठ्ठ्याण्णव अंशांनी आडव्या झालेल्या हर्षलाशीच अधिक नाते सांगत असे. हा गोल निर्लेखित करावा असा शेरा दर तपासणीत पडे आणि तो शेरा अमलात आणण्याचे मी टाळीत असे. कारण ज्या ग्रहाविषयी मला मुलांना सांगावयाचे असे त्याचा इतका उत्तम नमुना मला रीतसर मागणीपत्रक पाठवूनही कोणी दिला नसता.

पाठ्यपुस्तक ज्याला युरेनस म्हणते आणि आपले पंचांगकर्ते ज्याला हर्षल म्हणतात, तो हा ग्रह विल्यम हर्शेल याने १३ मार्च १७८१ रोजी दुर्बिणीतून ओळखला. सूर्यापासून त्याचे सरासरी अंतर सुमारे २८७ कोटी किलोमीटर. प्रकाशालाही तेथवर पोहोचावयास दोन तास चाळीस मिनिटे लागतात, आणि त्याचे एक वर्ष आपल्या चौऱ्याऐंशी वर्षांचे असते, म्हणजे माझ्या मुलांपैकी जो दीर्घायुषी निघेल त्याचे अवघे आयुष्य तेथील एका वर्षात संपावयाचे. पृथ्वीच्या चौपट व्यासाच्या या ग्रहाच्या अगदी निकट, त्याच्या केंद्रापासून पन्नास हजार किलोमीटरांहून किंचित कमी अंतरावरून, जेमतेम चाळीस किलोमीटर व्यासाचा एक चंद्र फिरतो. त्याचे नाव कॉर्डेलिया. हर्षलाच्या आज ज्ञात असलेल्या चंद्रांत सर्वांत आतला तोच. ग्रह स्वतःभोवती फिरावयास सतरा तासांहून अधिक वेळ घेतो आणि हा चंद्र त्याला आठ तासांत प्रदक्षिणा घालून मोकळा होतो. त्यामुळे हर्षलाच्या ढगांवर कोणी उभे राहू शकते तर त्याला हा चंद्र पश्चिमेस उगवून पूर्वेस मावळताना दिसला असता.

हे सारे मी वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो. मात्र ज्याला मी पाहिलेले नाही, आणि माझ्यासारख्याच्या डोळ्यांना जो कधी दिसावयाचाही नाही, त्या कणभर चंद्राविषयी पोडावरून आणि तांड्यावरून अनवाणी चालत येणाऱ्या मुलांना छातीठोकपणे काही सांगण्याचा अधिकार मला कोठून प्राप्त झाला, हा प्रश्न माझ्या मनात सदैव जागा असे. पुस्तकात छापले आहे म्हणून ते खरे, हे उत्तर देता येते आणि पुष्कळ शिक्षक तेच देतात; परंतु त्या उत्तराने विज्ञानाचा तास आणि पोथीचे पारायण यांत फरक राहत नाही. वस्तू दाखविता येत नसेल तर ती ज्या वाटेने कळली ती वाट मुलांना चालवून आणावी, एवढाच मार्ग मला दिसला, आणि त्या वाटेचा प्रारंभ सुदैवाने आपल्याच देशात सापडला.

१९७७ च्या मार्चमध्ये मी नोकरीत नवाच होतो. सहाव्या लोकसभेची निवडणूक तोंडावर आलेली, तालुक्यातील यच्चयावत शिक्षक मतदानाच्या कामावर नेमले गेलेले, आणि तहसील कचेरीच्या आवारात मतपेट्या मोहोरबंद करण्याचे धडे आम्ही गिरवीत असलेले, अशा त्या दिवसांत, १० मार्चची मध्यरात्र उलटल्यावर, तमिळनाडूतील जवादी टेकड्यांत कावलूर येथील वेधशाळेत काही मंडळी निराळ्याच मोजणीस बसली होती. हर्षल त्या रात्री तूळ राशीतील एका अंधुक ताऱ्यासमोरून जावयाचा होता. साध्या डोळ्यांना न दिसणारा, नवव्या प्रतीच्या आसपासचा तो तारा. परंतु ग्रहाआड जाताना त्याचा प्रकाश कसा मंदावतो आणि नेमका कोणत्या क्षणी लोपतो हे मोजले की ग्रहाचा व्यास आणि त्याचे वातावरण यांविषयी पुष्कळ काही हाती लागते, आणि असे योग हर्षलाच्या वाट्याला क्वचितच येतात. ग्रहाची छाया प्रत्यक्ष भारतावर पडेल की दक्षिणेकडून हिंदी महासागरावरूनच निघून जाईल, हे गणिताने पक्के सांगता येत नव्हते. तरीही जे. सी. भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी यांनी १०२ सेंटिमीटर व्यासाची दुर्बीण त्या ताऱ्यावर रोखून धरली आणि प्रकाशमापकाची नोंद नियोजित वेळेच्या पुष्कळ आधीपासून चालू ठेविली. ग्रहबिंब अद्याप ताऱ्यापासून दूर असतानाच ताऱ्याचा प्रकाश एकाएकी खाली गेला, काही सेकंद खालीच राहिला आणि पूर्ववत झाला.

मध्ये काहीतरी आडवे आले होते, हे निःसंशय. हर्षलाचे त्या वेळी पाच चंद्र ठाऊक होते, आणि त्यांपैकी कोणीही त्या जागी असण्याचा संभव नव्हता. तेव्हा भट्टाचार्य आणि कुप्पुस्वामी यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात जे टिपण प्रसिद्ध केले त्याचा मथळा हर्षलाचा नवा उपग्रह असा होता. त्याच रात्री हिंदी महासागराच्या दक्षिण भागावरून अमेरिकेची उडती वेधशाळा चालली होती. तिला जेरार्ड कायपर याचे नाव दिलेले होते, आणि हर्षलाचा पाचवा चंद्र १९४८ साली याच कायपरने शोधला होता, हा योगायोग मला नेहमीच गोड वाटत आला आहे. तीत जेम्स इलियट आणि त्यांचे सहकारी होते. त्यांच्या नोंदीत तारा ग्रहाआड जाण्यापूर्वी पाच वेळा मंदावला होता, आणि ग्रहाआडून बाहेर आल्यावर, उलट्या क्रमाने आणि जवळजवळ तेवढ्याच अंतरांवर, पुन्हा पाच वेळा. चंद्र एका बाजूस असतो. दोन्ही बाजूंना समान अंतरांवर पहारा देणारे पाच-पाच चंद्र निसर्ग कशाला निर्माण करील? हर्षलाभोवती अरुंद कडी होती. कावलूरला जो प्रकाश ढळला तो त्या पाचांतील सर्वांत बाहेरच्या, एप्सिलॉन नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या कड्यामुळे. कावलूरचे अभिलेख पुन्हा तपासले गेले, आणि वेणू बाप्पू व भट्टाचार्य यांनी त्याच वर्षी हर्षलाच्या कड्यांविषयी लिहिले.

नागपूरच्या एका वर्तमानपत्रातील चार ओळींच्या बातमीवरून मला हे प्रथम कळले. तपशील पुढे मिळेल तसा जमवीत गेलो. परंतु ‘दोन्ही बाजूंना सारखेच मंदावले, म्हणून ती कडी’ हे वाक्य फळ्यावर लिहून मुलांच्या चेहऱ्यांकडे पाहिले, तेव्हा त्यांच्यापर्यंत काहीच पोहोचलेले नाही हे दिसले, आणि मग अमावास्येच्या सुमारास, गावातील वीज नेहमीप्रमाणे गेलेली असताना, शाळेच्या व्हरांड्यात आमचा तो प्रयोग उभा राहिला. व्हरांड्याच्या एका टोकास बॅटरीच्या तोंडाला जाड कागद बांधून त्याला सुईने भोक पाडले, तो तारा. दुसऱ्या टोकास मुले एक डोळा झाकून बसली, काही जमिनीवर, काही बाकांवर. मधोमध, काळे कापड गुंडाळलेली बांबूच्या कामटीची वर्तुळे एकात एक बांधून त्यांच्या केंद्राशी तो कलंडलेला पृथ्वीगोल टांगला, आणि दोन थोराड मुले ती सारी रचना एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे अगदी संथ पावलांनी वाहून नेत. माझ्या मनगटी घड्याळावरून एक मुलगी मोठ्याने सेकंद पुकारी, आणि प्रत्येकाने तारा विझला की तो आकडा वहीत, अंधारातच चाचपडत, लिहावयाचा. केव्हा कडे जाईल आणि केव्हा काठीला टोचलेला मातीचा गोळा, हे मुलांना सांगितलेले नसे. त्यांनी ते केवळ आपल्या आकड्यांवरून ओळखावयाचे.

प्रारंभी गोंधळच झाला. कोणी डोळा बदलला, कोणी शेजाऱ्याचा आकडा उतरविला, कोणाची पेन्सिल मोडली. परंतु कंदील लावून वह्या समोरासमोर ठेविल्या गेल्या तेव्हा, ज्याला मी अभ्यासात मंद समजत असे असा एक कोलाम मुलगा कागदावर बोट ठेवून म्हणाला, “गुरुजी, गोळा असता त एकच डाव इझलं असतं. इथं जाताना इझलं, येताना बी इझलं, अन् मंधात लय येळ इझूनच रायलं. हे कडंच हाय.” दुसऱ्या एकाने, तो बाकावर बसलेला असल्यामुळे, हरकत घेतली की आपल्याला मधला दीर्घ अंधार दिसलाच नाही, फक्त कडेचे ढळणे दिसले, तेव्हा जमिनीवरच्यांनी खोटे लिहिले असले पाहिजे. दोघेही खरे होते. ग्रहाची छाया ज्याच्यावरून गेली त्याला ग्रह दिसला, ज्याला ती चुकवून गेली त्याला नुसती कड दिसली. महासागरावरचे विमान आणि कावलूरची टेकडी यांतला भेद दोन फुटांच्या उंचीने आमच्या व्हरांड्यात उतरला होता. त्या रात्री मुलांनी हा वाद बराच वेळ घातला, आणि मी मध्ये पडलो नाही.

नोंद या वस्तूविषयी माझे मत त्या प्रयोगांतून बनले. सरकारी नोकरीत माणूस नोंदीला विटतो. हजेरीपत्रक, पाठटाचण, जडसंग्रह, सादिलवार खर्चाची पावती, जावक बारनिशी यांच्या ओझ्याखाली शिक्षकाचे शिक्षकपण चिरडले जाते ही तक्रार मीही पुष्कळ केली आहे, आणि ती खोटी नाही. एका तपासणीस आलेल्या साहेबांनी तर ती बांबूची वर्तुळे कोणत्या मंजुरीने व कोणत्या शीर्षाखाली खरेदी केली याचा लेखी खुलासा मागितला होता, आणि बांबू गावातल्या कुंपणाचा आहे हा माझा खुलासा त्यांना असमाधानकारक वाटला होता. परंतु कावलूरच्या प्रकरणात जे शेवटपर्यंत टिकले ते नोंदीमुळेच टिकले. मथळ्यात उपग्रह होता. तो उपग्रह त्या जागी नव्हता. पण अमुक क्षणी प्रकाश ढळला आणि अमुक क्षणी परतला, हे आकडे तेथेच राहिले आणि कड्यांच्या सिद्धान्ताला उपयोगी पडले. अनुमान मागे घेता येते. वेळ लिहून ठेविलेली नसेल तर मागे घ्यावयासही काही उरत नाही. ही गोष्ट दुर्बिणीवाचून शिकविता येते, आणि तालुक्याच्या गावी तर ती अधिक चांगली शिकविता येते, कारण तेथे लक्ष वेधून घेणारे दुसरे काही नसते.

खगोलीय छायेचे मोल आमच्या मुलखाला सर्वस्वी अपरिचित आहे असेही नाही. यवतमाळहून धामणगावला येऊन नागपूरची गाडी पकडणारा प्रवासी पुलगावच्या आधी तळणी नावाचे एक लहानसे स्थानक ओलांडतो, आणि बहुधा पेंगत ओलांडतो. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची तुकडी याच तळणीस तळ देऊन होती, आणि ॲनी माँडर यांनी सूर्याच्या प्रभामंडळातील एका लांबच लांब किरणशलाकेचे जे छायाचित्र त्या दिवशी घेतले ते पुढे विख्यात झाले. गणिताच्या बाजूनेही मराठी माणसाने या दूरच्या प्रदेशात पाऊल टाकलेले आहे; बृहस्पतीच्या चंद्रांच्या गतींत जे प्रमाण आढळते त्याच्या आधारे नेपच्यूनपलीकडील दोन ग्रहांचे भाकीत व्यंकटेश बापूजी केतकर यांनी १९११ साली फ्रान्समधील ज्योतिषसंस्थेच्या पत्रिकेत केले होते आणि त्यांना ब्रह्मा व विष्णू अशी नावे योजिली होती. मी हे मुलांना सांगत असे. ते परीक्षेत येत नसे, त्यामुळे त्यांच्या अधिक लक्षात राही.

कड्यांचा शोध लागला तरी एक कोडे उरले होते. कडे म्हणजे असंख्य सुट्या तुकड्यांचा समुदाय. ते एकमेकांवर आदळत राहिले तर कालांतराने कडे विसविशीत होऊन पसरावयास हवे. मग एप्सिलॉन कडे वीस ते शंभर किलोमीटर रुंदीच्या मर्यादेत कसे राहते? पीटर गोल्डराइख आणि स्कॉट ट्रेमेन यांनी १९७९ साली असे सुचविले की, अशा कड्याच्या आतून एक आणि बाहेरून एक असे दोन लहान चंद्र फिरत असावेत. आतला चंद्र कड्यातील कणांहून वेगाने जातो. जवळून पुढे निघताना तो त्यांना गती देतो आणि ते बाहेर सरकतात. बाहेरचा चंद्र मंद असतो. कण त्याला मागे टाकू पाहतात तेव्हा तो त्यांची गती थोडी हिरावून घेतो आणि ते आत सरकतात. शास्त्रज्ञ यांना मेंढपाळ चंद्र म्हणतात. पिके निघाल्यावर आमच्या शिवारात धनगरांचे कळप बसावयास येत, आणि एक धनगर पुढे व एक मागे राहून बोळातून दीडदोनशे मेंढ्या कशा नेतो हे मुलांनी रोज पाहिलेले असल्यामुळे, एवढा कठीण सिद्धान्त त्यांना पाचवा चंद्र कोणाचा या प्रश्नापेक्षा सोपा वाटला.

२४ जानेवारी १९८६ रोजी व्हॉयेजर-२ हे यान हर्षलाच्या मेघमाथ्यांपासून सुमारे ८१,५०० किलोमीटरांवरून गेले. त्याच्या छायाचित्रांतून दहा नवे लहान चंद्र सापडले आणि त्यांपैकी दोन नेमके एप्सिलॉन कड्याच्या आतबाहेर होते: आत कॉर्डेलिया, बाहेर ओफेलिया. नऊ वर्षांपूर्वी ज्या कड्याने कावलूरच्या मंडळींना उपग्रहाचा भास घडविला, त्याच कड्याला दोन खरे उपग्रह सांभाळून होते. वास्तविक ही बातमी गाजावयास हवी होती. पण चारच दिवसांनी चॅलेंजर यान आकाशात फुटून सात माणसे दगावली आणि वर्तमानपत्रांत हर्षलाला जागा उरली नाही. गावात जो तो हॅलेच्या धूमकेतूची चौकशी करी. तो धूमकेतू आमच्याकडे फारसा काही नयनरम्य दिसला नाही, आणि त्याचा दोष लोकांनी विज्ञानशिक्षकाच्या माथी मारला.

हर्षलाच्या चंद्रांना शेक्सपियर आणि पोप यांच्या पात्रांची नावे देण्याचा प्रघात आहे. ओफेलिया ही ‘हॅम्लेट’मधली, आणि त्या नाटकाचा ‘विकारविलसित’ हा अनुवाद १८८३ मध्ये प्रसिद्ध करणारे आगरकर शिक्षणासाठी आमच्या वऱ्हाडात अकोल्यास राहिलेले. हे सांगितल्यावर मराठी शिकविणारे माझे सहकारी प्रथमच आपण होऊन माझ्या तासाला येऊन बसले.

क्रमिक पुस्तक मात्र आपल्या चालीने चालत असे. दहा नवे चंद्र सापडूनही पुस्तकात हर्षल पाचच चंद्रांवर संतुष्ट होता, आणि परीक्षेत काय लिहावे असे मुलांनी विचारले म्हणजे माझी पंचाईत होई. परीक्षेत पाच लिहा आणि वहीत पंधरा लिहा, असे मी सांगत असे. हे उत्तर तत्त्वनिष्ठ नाही हे मला ठाऊक आहे. परंतु ज्या मुलाला दहावीचा निकाल हीच गावाबाहेर पडण्याची एकमेव सनद होती त्याच्या गुणांवर माझी तत्त्वनिष्ठा आजमाविण्याचा मला हक्क नव्हता. पुढे पंधराचेही अधिक झाले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये जेम्स वेब दुर्बिणीच्या छायाचित्रांत सुमारे दहा किलोमीटर व्यासाचा आणखी एक चंद्र आढळल्याचे जाहीर झाले, ओफेलियाच्या किंचित बाहेर फिरणारा, आणि हर्षलाच्या चंद्रांची संख्या एकोणतीस झाली. सेवानिवृत्तीनंतर असल्या बातम्या सांगावयास वर्ग उरत नाही, एवढीच काय ती उणीव.

कॉर्डेलिया आपल्या कोणाला दिसावयाचा नाही. पण हर्षल दिसतो, आणि तो पाहण्यास आमच्या जिल्ह्यातील गावांइतकी काळोखी जागा शहरातल्या माणसाला पैसे मोजूनही मिळत नाही. २०२६ च्या नोव्हेंबरअखेर तो सूर्याच्या समोर, वृषभ राशीत, कृत्तिका आणि रोहिणी यांच्या मधल्या प्रदेशात असेल. डिसेंबराच्या पहिल्या पंधरवड्यातील एखाद्या चांदणे नसलेल्या रात्री साधी दुहेरी दुर्बीण घेऊन त्या पट्ट्यातील तारे शिक्षकांनी मुलांकडून कागदावर मांडून घ्यावेत, आठवड्याने पुन्हा मांडून घ्यावेत, आणि जो ठिपका सरकला असेल त्याच्याभोवती वर्तुळ काढावे. कागदावर तारीख आणि वेळ मात्र अवश्य लिहवून घ्यावी.